वाचलेले तास कुठल्या खात्यात जमा झाले?



आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक कॉम्प्युटरवर पोट भरतात. कोणी कोड लिहितं, कोणी टेस्टिंग करतं, कोणी नुसत्या मीटिंगा घेतं. पण "बाबा रे, तू जे बसवलंस त्यातून कंपनीला नक्की किती पैसे मिळाले?" असं कोणी सरळ विचारलं, की आपली बोबडी वळते. मग आपण पॉवरपॉइंट उघडतो. मीही उघडलं होतं, आणि त्यात चांगलाच अडकलो होतो. त्याचीच ही गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. आकडे थोडे गोल केले आहेत, पण हिशेब तोच आहे.

मी सांगलीचा, वालचंदमधून इंजिनिअर झालो, आणि मग आपल्या सगळ्यांसारखाच पुणे-बंगलोर करत न्यू जर्सीला येऊन पडलो. इथे हॉस्पिटलांना हातमोजे, सिरिंज, बँडेज असला माल पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत नोकरीला होतो. दोन वेअरहाऊस होती. ऑर्डरी फोन आणि फॅक्सवर यायच्या (हो, अमेरिकेतली हॉस्पिटलं तेव्हाही फॅक्स वापरायची!), आणि ऑर्डर डेस्कवरची माणसं एकच ऑर्डर दोनदा टाइप करायची. एकदा ऑर्डरच्या सिस्टीममध्ये, एकदा साठ्याच्या सिस्टीममध्ये. हे बघून कुठल्याही इंजिनिअरचे हात शिवशिवतील. मी २०१५ मध्ये नवीन सिस्टीमचा प्रस्ताव तयार केला.

प्रस्तावाचा हिशेब असा होता. खर्च ६ लाख डॉलर. फायदा: डेस्कवर ४० माणसं, प्रत्येकाचा रोज अर्धा तास वाचणार, वर्षाचे २४० दिवस, तासाला सगळं धरून ४० डॉलर. गुणाकार केला की वर्षाला १ लाख ९२ हजार. म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पाच वर्षांचा फायदा दहा टक्के व्याजदराने आजच्या किमतीत आणला, तरी खर्च वजा जाता सुमारे १ लाख २८ हजार उरत होते. रोजचे वीस तास म्हणजे अडीच माणसांचं काम, म्हणून शेवटच्या स्लाइडवर मी ठळक अक्षरात लिहिलं: "बचत: २.५ माणसं." टाळ्या पडल्या. मंजुरी मिळाली.

मार्च २०१६ मध्ये पहिल्या वेअरहाऊसला सिस्टीम सुरू झाली. दुसऱ्याचे पैसे त्या तिमाहीच्या बजेटात बसले नाहीत, म्हणून तिथे डिसेंबर उजाडला. तेव्हा मी या उशिरावर खूप चिडलो होतो. पुढे हाच उशीर माझ्या कामी आला, ते सांगतोच.

२०१८ च्या सुरुवातीला कंपनीत नवीन सीएफओ बाई आल्या. त्यांनी मागच्या तीन वर्षांतले सगळे आयटी प्रोजेक्ट काढले आणि मला बोलावलं. माझी ती शेवटची स्लाइड त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "पगाराच्या खात्यात मला ही अडीच माणसं दिसत नाहीत. ओव्हरटाइमही कमी झालेला नाही. मग एक तर बचत झाली कुठे ते दाखवा, नाही तर मी दोन जागा कमी करते, म्हणजे तुमची स्लाइड खरी होईल."

मंडळी, माझ्या स्लाइडवरच्या त्या अडीच माणसांना तोपर्यंत चेहराच नव्हता. त्या क्षणी आला. डेस्कवर साठीच्या एक बाई होत्या, एकोणीस वर्षं तिथेच काम केलेल्या. माझ्या मुलीच्या वेळी त्यांनी स्वतः विणलेली टोपी दिली होती. जागा कमी करायच्या तर यादीत पहिलं नाव कोणाचं येणार, हे सांगायला सीएफओ लागत नाही.

मला तीन आठवड्यांची मुदत मिळाली. त्या शनिवारी नेहमीप्रमाणे सांगलीला फोन केला. आमचे बाबा बँकेत क्लार्क होते. त्यांच्या पिढीने बँकेत कॉम्प्युटर येताना पाहिला. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा पहिला करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा पहिला अहवाल आला, १९८९ मध्ये दुसरा. शाखांत आधी आली ती अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. बाबांच्या शाखेत 'कॉम्प्युटर' हा शब्दसुद्धा जपून वापरायचे, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना एकच वाटायचा: आपली नोकरी जाणार. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती आली आणि देशभरात सुमारे एक लाख लोक घरी गेले. त्यात बाबा एक.

त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, आमच्या वेळी मार्चअखेरीला ताळा जमायला रात्रीचे दोन वाजायचे. मशीन आल्यावर सात वाजता घरी यायला लागलो. ते वाचलेले तास बँकेच्या कुठल्या खात्यात जमा झाले? कुठल्याच नाही. तुझ्या आईच्या खात्यात झाले. तुझी माणसं तो अर्धा तास काय करतात, ते आधी जाऊन बघ. टेबलावर बसून ताळा जमत नाही."

आता जरा विषयांतर करतो, कारण बाबांनी विचारलेला प्रश्न अर्थशास्त्रातला एक मोठा प्रश्न आहे. १९८७ मध्ये, ज्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, रॉबर्ट सोलो यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका पुस्तक-परीक्षणात जाता जाता टोमणा मारला होता, की कॉम्प्युटर युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्यालाच पुढे 'प्रॉडक्टिव्हिटी पॅराडॉक्स' हे नाव पडलं. एमआयटीच्या एरिक ब्रिन्योल्फसन यांनी १९९३ मध्ये याची संभाव्य कारणं मांडली: मोजमापच चुकत असेल, फायदा दिसायला वेळ लागत असेल, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा होत असेल, किंवा मॅनेजर मंडळीच पैसे वाया घालवत असतील. चारही कारणं आपण ऑफिसात रोज बघतो, नाही का? १९९६ मध्ये त्यांनी आणि लॉरिन हिट यांनी कंपन्यांची सुटी सुटी आकडेवारी तपासली, तेव्हा आयटीचा भरीव फायदा दिसला. पण सगळ्या कंपन्यांना सारखा नाही. पुढच्या अभ्यासांतून कळत गेलं की ज्यांनी मशीनबरोबर कामाची पद्धत, अधिकार आणि प्रशिक्षणही बदललं त्यांना जास्त मिळालं, नुसतं मशीन आणून ठेवणाऱ्यांना कमी.

पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या मोटरचं उदाहरण दिलं होतं, ते मला फार आवडतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र सुरू झालं १८८२ मध्ये, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेची मोठी उडी दिसली ती १९२० च्या दशकात. का? तर सुरुवातीला लोकांनी वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. वरचा तो लांबलचक दांडा आणि पट्टे तसेच! प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर द्यायची आणि मग सगळा कारखानाच नव्याने मांडायचा, हे सुचायला आणि जमायला चाळीस वर्षं गेली. आपण जुन्याच फॉर्मचं वेबपेज करतो आणि त्याला डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतो, तो प्रकार यापेक्षा वेगळा नाही.

आणि पैसे घातले की फायदा होतोच असंही नाही. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ११ कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून नवीन सिस्टीम ऐन हॅलोविनच्या तोंडावर सुरू केली, आणि गोदामात माल असूनही दुकानांत पोचवता आला नाही. तेव्हा 'व्हॅल्यू' शून्याच्या खालीही जाते.

असो. पुन्हा आमच्या वेअरहाऊसकडे. बाबांचं ऐकून मी सोमवारपासून चार दिवस डेस्कवर जाऊन बसलो. नुसता बसलो, काही बोललो नाही. आणि मला तो अर्धा तास सापडला.

नवीन सिस्टीममध्ये आम्ही एक छोटी सोय ठेवली होती. हॉस्पिटलच्या मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरींपेक्षा काही वेगळं आलं, की ती ओळ पिवळी व्हायची. प्रस्तावात तिचा उल्लेखही नव्हता, एका डेव्हलपरने हौसेने केली होती. त्या साठीच्या बाई पिवळी ओळ दिसली की फोन उचलायच्या: "नेहमी १२ खोकी घेता, या वेळी २१ लिहिलंय, बरोबर आहे ना?" दहातल्या बऱ्याच वेळा ते बरोबर नसायचं. मला एकदम बाबांची युक्ती आठवली: ताळ्यातला फरक ९ ने भागला गेला तर समजायचं, आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. बाईंचं बघून इतरांनीही फोन करायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी वेळच नव्हता, आता अर्धा तास होता.

मग मी परत आलेल्या मालाचे आकडे काढले. इथे तो डिसेंबरचा उशीर कामी आला. मार्च ते डिसेंबर २०१६ मध्ये एका वेअरहाऊसला सिस्टीम होती, दुसऱ्याला नव्हती. माल तोच, गिऱ्हाइकं तशीच. पहिल्यात चुकीची म्हणून परत येणारी ऑर्डर ३.२ टक्क्यांवरून १.९ वर आली होती. दुसऱ्यात ३.२ वरून ३.१. म्हणजे ०.१ टक्का आपोआपच कमी झाला असता, आमच्या सिस्टीमचं आणि त्या फोनांचं श्रेय १.२ टक्क्यांचं. दोन्ही वेअरहाऊसच्या मिळून वर्षाला १ लाख ८० हजार ऑर्डरी, त्याचे १.२ टक्के म्हणजे २,१६०. एक ऑर्डर परत आली की पिकअप, तपासणी, पुन्हा रात्रीतून पाठवणी असा ६० डॉलर खर्च. झाले १ लाख २९ हजार ६००.

दुसरा फायदा साठ्यात होता. पहिल्या वेअरहाऊसमधला साठा ४६ दिवसांवरून ३९ वर आला होता. मी आनंदाने सात दिवस लिहून टाकणार, तेवढ्यात दुसऱ्याचा आकडा बघितला: तिथेही ४६ वरून ४२! खरेदी विभागाचा मॅनेजर त्याच वर्षी बदलला होता, ती त्याची करामत. म्हणजे आमच्या वाट्याला सातातले तीनच दिवस. रोजचा सुमारे २ लाख डॉलरचा माल, तीन दिवसांचे ६ लाख, आणि ते अडकून न पडल्याची वर्षाची बचत दहा टक्क्यांनी ६० हजार.

दोन्ही मिळून १ लाख ८९ हजार ६००. गंमत बघा, स्लाइडवर मी १ लाख ९२ हजार लिहिले होते! आकडा जवळजवळ तोच आला, पण मी सांगितलेल्या जागेवरून एक पैसाही आलेला नव्हता. हा योगायोग होता, हुशारी नव्हे.

आणखी एक भानगड होती. सॉफ्टवेअरची वार्षिक देखभाल फी ६० हजार. प्रस्तावात मी ती धरलीच नव्हती. (गार्टनरने 'टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप'ची कल्पना १९८७ मध्ये मांडली होती. मी कॉलेजात ती परीक्षेपुरती पाठ केली होती.) म्हणजे साठ्यातली सगळी बचत देखभालीतच जिरली. हाती उरले वर्षाला १ लाख २९ हजार ६००. साध्या भागाकाराने पैसे सुटायला पावणेपाच वर्षांच्या जरा आत, आणि दहा टक्के व्याज धरलं तर सातवं वर्ष उजाडणार. पाच वर्षांच्या हिशेबात प्रोजेक्ट सुमारे १ लाख ९ हजार डॉलर तोट्यात.

माझे मॅनेजर म्हणाले, देखभालीचा आकडा 'चालू खर्च' म्हणून वेगळा ठेव, कोणी विचारणार नाही. चुकीचं सांगत होते असं नाही, बरेच जण तसंच करतात. शिवाय तेव्हा माझी ग्रीन कार्डची फाइल त्याच कंपनीतून चालू होती, त्यामुळे रात्रभर झोप लागली नाही. पण स्वतःचा फायदा दाखवायला खर्च लपवायचा, आणि त्याच कागदावर बाईंची बाजू मांडायची, हे काही जमेना. ज्या कागदातला एक आकडा खोटा निघतो, त्यातल्या बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?

मी सगळं जसंच्या तसं मांडलं. तोटा आधी, फायदा नंतर. आणि शेवटी एक वाक्य: परताव्यातली बचत सिस्टीम आणि ती माणसं दोघांची मिळून आहे, दोन जागा काढल्या तर तो अर्धा तास जाईल, फोन बंद होतील आणि १ लाख २९ हजारांतला मोठा वाटाही जाईल.

सीएफओ बाई बराच वेळ कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, "आयटीकडून तोट्याचा आकडा मला पहिल्यांदाच मिळाला." जागा कमी झाल्या नाहीत. त्या वर्षी डेस्कवरचा एक मुलगा आपणहून सोडून गेला, त्याची जागा मात्र भरली नाही. साठीच्या बाई आपल्या वेळेवर निवृत्त झाल्या. मला बढती वगैरे काही मिळाली नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक प्रस्तावाआधी मला बोलावणं येऊ लागलं.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. त्या लिहून देतो, कोणाला उपयोगी पडल्या तर बघा.

१) सुरुवातीचा आकडा सुरुवातीलाच घ्या. सिस्टीम सुरू झाल्यावर 'आधी किती होतं' हे शोधणं म्हणजे लग्नानंतर पत्रिका जुळवणं.

२) 'वेळ वाचला' हा फायदा नव्हे, ती फक्त संधी. त्या वेळाचं काय होणार आणि तो कुठल्या खात्यात दिसणार (ओव्हरटाइम, परतावा, विक्री, साठा) ते आधी लिहा. काहीच दिसणार नसेल तर 'लोकांना बरं वाटेल' एवढंच लिहा. तोही फायदा आहे, पण त्याला डॉलरचं चिन्ह लावू नका.

३) प्रत्येक फायद्याला एक मालक हवा, आणि तो आयटीबाहेरचा. परतावा कमी करण्याची जबाबदारी ऑपरेशन्सवाल्याने सही करून घेतली नसेल तर तो कमी होणार नाही.

४) शक्य असेल तर सगळीकडे एकदम सुरू करू नका. एक शाखा आधी, एक नंतर. तुलनेला याहून स्वस्त साधन नाही. नाही तर मॅनेजरची करामत आपल्या नावावर लागते, किंवा आपली त्याच्या.

५) सगळा खर्च एकाच तराजूत तोलू नका. सिक्युरिटी, बॅकअप, २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सलीसारख्या कायद्यासाठी केलेली कामं यांतून परतावा मागणं म्हणजे विम्याच्या हप्त्यावर नफा मागणं. तिथे विचारायचं ते एवढंच, की हे केलं नाही तर किती नुकसान होऊ शकतं, आणि त्याची शक्यता किती.

६) दोन वर्षांनी परत जाऊन मोजा, आणि ती तारीख प्रस्तावातच घाला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे एआय. आज जिथे तिथे तीच जुनी स्लाइड फिरते आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याचे रोज इतके मिनिटं वाचणार, गुणिले माणसं, गुणिले पगार. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेऊन खऱ्याखुऱ्या २४६ कामांवर प्रयोग केला. एआयची साधनं वापरताना त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. पण काम संपल्यावर विचारलं तेव्हा तेच लोक म्हणाले, आमचा २० टक्के वेळ वाचला! प्रयोग छोटा होता, साधनं रोज बदलतायत, तेव्हा त्यावरून एआय निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. पण 'वाटलं' आणि 'मोजलं' यांत केवढं अंतर असू शकतं ते त्यातून कळतं. फायदा येईलही, विजेच्या मोटरसारखा कारखाना नव्याने मांडल्यावर. तोपर्यंत कोणाच्या स्लाइडवरची 'अडीच माणसं' मात्र खरी होत राहतील, कारण जागा कमी करणं सगळ्यात सोपं, आणि ती बचत पगाराच्या खात्यात लगेच दिसते. त्या स्लाइडा बनवणारे आपणच असतो, मंडळी. आणि त्या अडीच माणसांत आता आपणही असू शकतो.

मागच्या शनिवारी बाबांना हा एआयचा प्रकार समजावून सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ताळा जमला का?"

म्हटलं, "अजून नाही, बाबा."

"मग इतक्यात पेढे वाटू नका," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

तुमच्या ऑफिसात असा हिशेब कोणी केला असेल, फायद्याचा किंवा तोट्याचा, तर जरूर लिहा. तोट्याचा असेल तर आधी लिहा.